भिंतीवरचं तळं

ती. आईस, उज्जैनहून पल्लवीचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझी कंबर कशी आहे?

बांधकामाच्या कुंपणभिंतीवरचं माझं चित्र संपत आलंय. त्यात इथले शिंगाडेवाले पाण्यावर तरंगणाऱ्या पालथ्या घड्यांवर बसून तळ्यातले शिंगाडे तोडताहेत. भिंतीमागे मात्र डंपर त्यांचं खरं तळं बुजवताहेत. त्यांच्यातल्या केसरबाई रोज म्हणतात, "बेटा, पानी थोड़ा और भर दे." मी निळा रंग चढवत राहते. दुसरं काय करू?

शिंगाड्याच्या वेली लावण्याआधी ही माणसं तळ्यापाशी नारळ फोडतात. आज तो माझ्या भिंतीपाशी फोडला. मग केसरबाईंनी हातातली वेल माझ्यापुढे धरली, "अब कहाँ लगाऊँ?"

आई, ती वेल माझ्या ब्रश धुवायच्या बादलीत आहे. आपल्या परसातल्या हौदात जगेल का गं?

तुझीच,
पल्लवी