माझा हात आणि लाँड्रीची व्हॅन

गुरुवार, २३ जानेवारी

ती. दादास,

शिरसाष्टांग नमस्कार.

डोळे कसे आहेत? थेंब वेळेवर घालतोस ना, की अजून सूनबाईला ओरडायला लावतोस? हे पत्र तीच तुला वाचून दाखवणार, म्हणून अक्षर मोठं काढलंय. आणि रागवायचं असेल तर तिच्यावर डाफरू नकोस, मला फोन कर.

इकडे सगळं ठीक. तू सोपवलेलं ड्रायव्हिंग स्कूल चालू आहे. सध्या सात जण शिकताहेत. त्यातल्या बँकेतल्या बाई क्लच असा सोडतात, की माझी मान आखडलीय.

आणि हो, आपल्या गाडीला जरासं लागलं. घाबरू नकोस. पुढचा दिवा फुटला, बंपर चेपला, मला खरचटलंसुद्धा नाही. वाचनालयाच्या कोपऱ्यावर गल्लीतून लाँड्रीची व्हॅन आली आणि टक्कर झाली. गल्लीच्या तोंडाशी ‘थांबा’ अशी पाटी आहे आणि मी मोठ्या रस्त्यावर. म्हणजे आधी जायचा हक्क कोणाचा, ते तू झोपेतसुद्धा सांगशील. विम्याचा माणूस आला, टेप लावून मोजलं, फोटो काढले आणि म्हणाला, “मॅडम, चूक सरळसरळ व्हॅनवाल्याची.” झालं, मिटलं.

कसलं मिटलं! पंधरा दिवस मला अन्न गोड लागलं नाही. खरं मिटलं ते आज सकाळी. दुपारी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या आणि तुला लिहायला बसले.

त्याचं असं झालं. व्हॅनवाला खाली उतरला तोच म्हणाला, “अहो, तुम्हीच हात केलात की, जा म्हणून!” मी उसळले. “मी? अहो, मी गाड्या शिकवते! रस्ता माझा असताना मी कशाला तुम्हाला हात करीन?” माझा आवाज तुला माहीतच आहे. चार माणसं जमली, ती माझ्याच बाजूनं बोलायला लागली. तो बिचारा रस्त्यावर सांडलेल्या धुतलेल्या चादरी गोळा करत होता.

दादा, मी हात केला होता.

म्हणजे त्याला नाही केला. बँकेतल्या बाईंना घरी सोडून मी एकटीच परत येत होते, पण तोंड चालूच. ही खोड तुझीच, मला लागलेली. शेजारच्या रिकाम्या सीटला मी शिकवत होते. “बघा, कोपरा आला, वेग कमी करायचा. पाटी त्याला आहे, त्यानं थांबायचं. आपण जायचं!” आणि ‘जायचं’ म्हणताना हात पुढे झाडला, शिकवताना झाडते तसा. आता गल्लीच्या तोंडावरून त्याला काय दिसलं? गाडी हळू झाली आणि बाई हसत ‘जा’ म्हणतेय. त्यानं मान लववून आभारसुद्धा मानले. ते मी पाहिलं. पण तोवर माझा पाय ॲक्सिलरेटरवर गेला होता.

तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. जीभच रेटली नाही. गाडी शिकवणारी बाई रिकाम्या सीटशी गप्पा मारताना धडकली, हे कळल्यावर आपल्याकडे शिकायला आलं असतं कोण?

परवा बँकेतल्या बाईंनीच सांगितलं. लाँड्री त्यांच्याच गल्लीतली. मालकिणीनं त्याच्याकडून व्हॅनची किल्ली काढून घेतलीय. वर्षभर घरी बसल्यावर मिळालेली नोकरी, तीही तीन महिने बघू म्हणून. सध्या मागच्या खोलीत इस्त्री करतोय आणि विम्याचा कागद पक्का झाला की तेही बंद. ऐकलं आणि लगेच विम्याच्या माणसाला फोन लावला.

आज सकाळी लाँड्रीत गेले. विम्याच्या माणसालाही तिथेच बोलावलं होतं. सगळं सांगितलं, हात झाडूनसुद्धा दाखवला. तो डोकं खाजवत म्हणाला, “मॅडम, नियमात हाताला किंमत नाही. थांबा म्हणजे थांबा. पण तुम्ही लिहून देताय, तर मी दोघांची चूक लिहितो.” मी लगेच लिहून सही केली. मालकिणीनं मला विचारलं,

“बाई, तुम्ही गाडीत एकट्याच बोलता?”

“हो. कोणी ऐकलं नाही तर ओरडतेसुद्धा.”

ती खो खो हसली. हसतच ड्रॉवरमधून किल्ली काढली आणि त्याला हाक मारली.

तो इस्त्री ठेवून आला. मला वाटलं, आता चार शब्द सुनावणार. सुनावायलाच हवे होते. पण किल्ली हातात घेऊन त्यानं एवढंच विचारलं,

“मॅडम, म्हणजे तुम्ही खरंच हात केला होता?”

“केला होता.”

“घरात कोणाला पटेना. शेवटी मलाच वाटायला लागलं, आपल्याला भास झाला. कालच बायकोला म्हटलं, आता मी गाडीला हात लावणार नाही. न झालेलं दिसायला लागलं तर एखाद्याचा जीव घेईन.”

दादा, मी त्याच्या नोकरीसाठी गेले होते. हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मी तिथेच सगळ्यांसमोर रडले आणि त्यालाच पाणी आणावं लागलं. पेला माझ्या हातात देऊन तो व्हॅनकडे गेला. काचेतून दिसत होता. आधी आरसे पुसले, मग सीट पुढे घेतली आणि मागे एकदा नीट बघून व्हॅन बाहेर काढली.

फोन कर. ओरड हवं तेवढं.

चूक जिची होती, ती

तुझी धाकटी बहीण