शंखावरचं माहं नाव

चि. जीवन यास उंद्रीहून मनकर्णा आत्याचा पोटभर आशीर्वाद.

तुही तब्येत कशी हाये? पुण्याच्या मेसचं वरण खाऊन पोट बिघडलं असंन तर ओवा खाय. इकडं सारं ठीक. हरभरा घरात आला. तुहे आतोबा (आमचे हे) दिवसभर गुडघ्याच्या नावानं बोंबलतात, अन् पत्ते खेळाले मात्र पारावर पायी जातात. फोन काऊन केला नाही म्हणशीन, तर फोनवर तू नुसतं हो आत्या, हो आत्या करतं अन् मले रडू येते. म्हून कागद.

दिवाळीत तू कच्छातून आणलेला तो दगड झालेला शंख घेऊन माह्या वसरीवर बसला होता. दोनेक कोटी वर्षांपूर्वीचा म्हणे, आतला जीव केव्हाचाच गेलेला. (फराळाचं ताट बाजूले सारून त्याचे येढे मोजत होता, हे मी विसरली नाही.) जीव नसला की कवचावरूनच कूळ ठरवा लागते, असं तू सांगतलं. त्यात काय नवल, आपण बी पोराचं घरदार पाहूनच सोयरीक जमवतो, पोरगा कुठं धड बोलते. मग मलकापूरले गाडीतून उतरल्यावर रहेमतुल्लाभाईच्या कापसाच्या दुकानातून मागून आणलेला, खोट्या नोटा पाहाचा जांभळा दिवा तू काढला. दारं लावून तो पेटवला, तं त्या पांढऱ्याफटक शंखावर ठिपक्यांच्या ओळी उठल्या. असे ठिपके कोण्याच जातीत नाहीत, ही नवी जात, अन् आत्या, हिले तुहं नाव देतो, असं तू म्हणाला. मले काय आनंद झाला, काय सांगू.

पण मग तू त्या शंखाचं वर्णन धाडलं, अन् तेही मुद्दाम मराठीत करून, आत्याले समजावं म्हून. माहा चष्मा सापडे ना. म्हून मी ते जयमालेले (माही धाकटी जाऊ, तिचा आवाज तुले माहीत हाये) वाचाले देल्लं, अन् तेही बचत गटाच्या साऱ्या बायांपुढं. तिनं सुरू केलं. मनकर्णा. बांधा आखूड अन् जाड. खांदे रुंद. माथा बसका. तोंड अरुंद, पण पार खालपर्यंत लांब. अंगभर ठिपके. आजच्या भाऊबंदांत जहर असते, डंख मारून मासळी गारद करतात. बाया पदर तोंडात कोंबून हासल्या. हे दारात उभे होते, ते म्हणाले, पोरानं अभ्यास चांगला केला.

माहं डोस्कंच फिरलं. तिथूनच तुले फोन लावला, नाव काढ म्हटलं, नाही तर माही पायरी चढू नको. तू म्हणाला, हो आत्या. इतकं गुणाचं असू नये रे माणसानं. एखाद्या वेळी तरी आडवं लागावं.

नंतर हीना मॅडम (शाळेत विज्ञान शिकवते) ताक न्याले आली. तिनं सांगतलं, एकदा छापलं की ते नाव कोणाच्या बापाले बदलता येत नाही, दुनियेत कुठंही तो शंख निघाला तरी मनकर्णाच म्हणा लागते. तवापासून जेवण गोड लागत नाही. मले लेकरू नाही, तुले ठाऊकच हाये. माह्या मागं नाव कोण घेईन? दाराच्या पाटीवर ह्यांचं, सातबाऱ्यावर ह्यांचं. एक तू घेऊन राह्यला होता, तर मीच तोंड वाजवलं. लय चुकलं पोरा.

असो. मी काही त्या नावासाठी लिहून नाही राह्यली. तुही खुशाली कळावी, एवढंच.

तुही तोंडाळ,
मनकर्णा आत्या

ता. क. बाजरीच्या वाळवलेल्या खारोड्या धाडल्या हायेत. मुंग्या लागू देऊ नको.

ता. क. अजून छापलं नसंन, तर नाव परत घाल. खांदे, तोंड, जहर, सारं राहू दे.

ता. क. छापून गेलं असंन, तर दुसरा एखादा शंख पाह्य, फुटका असला तरी चालते. अन् तोवर गावातून कोणाचा फोन आला, तर माहंच नाव लागलं म्हून सांगजो. मी साऱ्या बायांले तसंच सांगून बसली, अन् हे चिखलीहून पेढे आणून गावभर वाटून आले.