शुक्रवारचा श्वास

६ नोव्हेंबर २००६, सोमवार

ऋचा दिवाळीची सुट्टी संपवून पुण्याला, हॉस्टेलवर परत गेली. लेक गेली की घर दोन दिवस मोठं वाटतं. जाताना तिचं एक पुस्तक माझ्या उशाशी ठेवून गेली. चाळिशीनंतर धावायला लागलेल्या कुणा परदेशी बाईचं. वाळवंटातून दिवसेंदिवस धावते म्हणे. पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिलंय, ‘आई, नुसतं वाचू नकोस.’

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली हृदयाची स्ट्रेस टेस्ट राहिलीच आहे. ठाण्याला जावं लागेल. जाईन. जिना चढताना धाप लागते, एवढंच तर आहे.

ताईलाही एवढंच होत होतं.

९ नोव्हें., गुरुवार

निम्मं पुस्तक झालं. बाईच्या पायांची नखं गळून पडतात आणि ती ते गमतीने सांगते. मी पलंगावर लोळत, शेंगदाणे खात वाचतेय. लाज वाटली. वाटी लांब ठेवली. थोड्या वेळाने परत जवळ घेतली.

अनंत म्हणाला, “तू वाचूनच बारीक होणार बहुतेक.” नवऱ्याला विनोद सुचला की तो दोनदा सांगतो. दोनदा सांगितला.

१० नोव्हें., शुक्रवार

लूम बंद. यंत्रमागांना शुक्रवारची सुट्टी. लिहिण्याचा दिवस. आठवड्यातून हा एकच. बाकी सहा दिवस खालच्या गल्लीतली खटखट भिंतीतून, ताटातून, दातांतून येते. दुपारी वीज जाते तेव्हाही लूम थांबतात, पण तेव्हा पंखाही थांबतो. लिहिणार कोण!

कथा दीड पान पुढे सरकली. मध्येच त्यात ताई येऊन बसली. खोडून टाकलं. अजून नाही जमत. तिला जाऊन दोन वर्षं झाली. जिन्यात बसली ती उठलीच नाही. जानेवारीअखेर मी तिच्या वयाची होईन.

हे कुणाला बोलले नाही. अ.लासुद्धा नाही.

१३ नोव्हें., सोमवार

अखेर चालायला निघाले. समोरच्या बंगल्यातली कुंदा सोबत. सासरची जमीन गोदामांना गेली, शेतावरची ये-जा थांबली, तेव्हापासून अंग सुटलं असं तिचं म्हणणं. दारातूनच ओरडली, “वहिनी, चला ना! ती बाय पुस्तकात धावतेय न् घाम तुम्हाला सुटतोय. असं न्हाय चालायचं.”

निजामपुऱ्याच्या गल्ल्यांतून तलावापर्यंत आणि परत. दोन्ही बाजूंना लूम. एकमेकींचं बोलणं ऐकूच येत नाही. कुंदा हातवारे करून सासूच्या तक्रारी सांगते, आणि मला त्या सगळ्या कळतात. त्या खटखटीवर पाऊल आपोआप पडतं. कुणी मागून ढकलत असल्यासारखं.

पोटऱ्या ठणकताहेत. छान वाटतंय.

२२ नोव्हें., बुधवार

दुसरं पुस्तक. अनुवाद आहे. थंड समुद्र पोहून जाणाऱ्या बाईचं. आधी वाटायचं, या लोकांना भीती नसतेच. उलट प्रत्येक प्रकरणात आहे! मुखपृष्ठावर तेवढी छापत नाहीत. पोहणारी पाण्यात उतरायच्या आधी किनाऱ्यावर रडते. मग टोपी घालते.

मला युक्ती सापडली आहे. सकाळी बूट घालून खुर्चीत बसायचं, एक पान वाचायचं आणि वाक्य अर्धवट सोडून उठायचं. म्हणजे चालून परत यायची ओढ राहते. आज तिला ऐन समुद्रात सोडून निघाले. तलावाला फेरी मारताना सारखं वाटत होतं, बिचारी गारठली असेल.

कुंदाला सांगितलं. “मग लवकर चला,” म्हणाली, “बुडंल ती!”

२७ नोव्हें., सोमवार

आज जिना न थांबता चढले. वर येऊन कुणाला सांगावं म्हणून पाहिलं तर घरात कुणी नाही. इथे सांगतेय.

टेस्टला मात्र गेले नाही. चालतेय ना, मग कशाला? अ. चिडला. “चालणं म्हणजे तपासणी नव्हे.” खरं आहे. पण चालताना वाटतं की सगळं ठीक आहे. तिकडे जाऊन ते मोडलं तर...

३० नोव्हें., गुरुवार

पाहुणे. दिवसभर ओट्याशी. फिरणं बुडलं. कुंदा भाच्याच्या हळदीला गावी गेली आहे, रविवारी येईल. धावणारी बाई म्हणते त्याचा अर्थ असा की शरीर फार लवकर विसरतं. उद्या शुक्रवार असला तरी एकटीच जाईन. लिहिणं दुपारी.

१ डिसेंबर, शुक्रवार

आजचं सगळं लिहून काढते.

सकाळी निघाले. गल्ली रिकामी, शटर खाली. नेहमीच्या वळणावर कानात आवाज सुरू झाला. घुसमटल्यासारखा, खरखरीत, मध्ये मध्ये धप धप. थांबले तर थोडा कमी. चालले की परत. आधी कधीच नव्हता. एवढे दिवस चालले, एकदाही नाही. मला कळलं, हेच ते. ताईला हेच ऐकू आलं असणार.

बंद लूमच्या पायरीवर बसले. मग आठवलं, ती पण बसलीच होती. उठले. परत बसले.

लूमवाले रफिकभाई नमाजासाठी इस्त्री केलेले कपडे आणायला निघाले होते. “भाभी, तबियत तो ठीक है? इतना पसीना?” त्यांनी पाणी दिलं, अ.ला फोन लावला.

डॉक्टरीणबाईंनी लगेच कार्डिओग्राम काढला. ठीक आहे म्हणाल्या. “पण आता ठाण्याची टेस्ट टाळायची नाही.”

मी म्हटलं, “आवाज येत होता.”

“कसला?”

“आतून.”

त्यांनी खूप वेळ छातीला नळी लावून ऐकलं. अ. रिक्षात माझा हात धरून बसला होता. विनोद केला नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

२ डिसें., शनिवार

दूध आणायला म्हणून खाली उतरले. दूध पिशवीवाला दारात देऊन जातो, हे अ.च्या लक्षात आलं नाही. गल्लीच्या टोकापर्यंत हळू चालले. लूम सुरू. आवाज अजिबात नाही. भरभर चालून पाहिलं. तरी नाही.

मग काल काय होतं?

पोहणारी बाई अजून समुद्रातच आहे. पुस्तक उघडवत नाही.

५ डिसें., मंगळवार

झाली टेस्ट. काय काय लिहू!

छातीला तारा चिकटवल्या, पट्ट्यावर उभं केलं. पट्टा सुरू झाला आणि मला हसूच आलं. अगदी लूम! खडखड, खडखड. पाय सवयीने चालायला लागले. डॉक्टर तरुण होते. “काकू, दमलात तर सांगा.” वेग वाढवला. चढ केला. मी मनात तलावाला फेरी मारत होते, कुंदा हातवारे करत होती.

मग त्यांनी यंत्र थांबवलं. खोली एकदम शांत. आणि कानात तोच! खरखर, धप धप. मी ओरडलेच, “हाच! डॉक्टर, हाच आवाज! ऐका!”

ते धावत आले. पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “कुठला?”

“हा काय, आता येतोय तो!”

“काकू, हा तुमचा श्वास आहे. धाप लागली की येतोच. मलाही येतो.”

“पण रोज चालताना येत नाही.”

“राहता कुठे?”

“भिवंडीला. निजामपुऱ्यात, लूमच्या गल्लीत.”

ते आधी हसले नाहीत. मग आवरलं नाही त्यांना. मीही तारांसकट हसत सुटले, हसता हसता रडले, आणि नर्सबाई म्हणाली, तारा काढू द्या आधी.

इतकी वर्षं या गल्लीत राहिले. स्वतःचा श्वास कधी ऐकलाच नव्हता. शुक्रवारी शांतता असते तेव्हा मी खुर्चीत बसून लिहीत असते. खुर्चीत कुणाला धाप लागते?

रिपोर्ट चांगला आहे. चाला म्हणाले. हवं तेवढं चाला.

येताना अ. दोनदा म्हणाला, “बायको स्वतःलाच घाबरली.” सांगू दे. शंभरदा सांगू दे.

८ डिसें., शुक्रवार

सगळं ऐकून कुंदा गल्लीतच खाली बसली हसून. “म्हंजी जित्ती हाय म्हणून घाबरलात तुम्ही!”

आज मुद्दाम शुक्रवारी गेलो. शटर खाली, गल्ली गप्प. तो आला, वळणावरच. छातीत थोडं चमकलं, खोटं कशाला लिहू. पण चालत राहिले. मग कुंदाचाही ऐकू आला, शिट्टीसारखा. दोघींचे दोन.

घरी येऊन पोहणारीला किनाऱ्याला लावलं. नीट पोचली.

दुपारी कथा काढली. ताई आली. तिला बसू दिलं. ती तिच्या जिन्यात, मी माझ्या गल्लीत. तिला काय ऐकू आलं असेल, ते मला ठाऊक नाही. मी उगाच ठरवून टाकलं होतं.

२९ डिसें., शुक्रवार

ऋचाचा फोन. तिसरं पुस्तक पाठवते आहे, डोंगरात धावणाऱ्याचं. म्हणाली, “आई, आता तू काय करणार?” मी बोलून गेले, “अंबाडीपासून अकलोलीपर्यंत चालत जाणार.” बोलल्यावर कळलं की बरेच दिवस हे मनात होतं.

लहानपणी बाबा आम्हा दोघींना अकलोलीच्या गरम कुंडांवर न्यायचे. पाणी केवढं कढत! मी काठावर रडायचे. ताई आधी पाय घालायची, चेहरा वाकडा न करता. मग म्हणायची, “ये, सोसवतं.”

१२ जानेवारी २००७, शुक्रवार, अंबाडी नाका

वही पिशवीत टाकून आणली. अ.ने रिक्षाने इथे सोडलं. तो पुढे कुंडांपाशी थांबणार आहे. जाताना बजावलं, “दमलीस तर फोन कर. वाचत बसू नकोस.”

कुंदा दुसरा चहा पितेय. बुटांची नाडी सोडून परत बांधतेय. “वहिनी, लिहिणं पुरे, ऊन चढतंय.”

रस्ता लांब आहे. इथे लूम नाहीत, पाऊल स्वतःलाच टाकावं लागेल. जमेल की नाही, माहीत नाही. छातीत थोडी धडधड आहे. आता ती ओळखीची आहे.

पोचले तर आधी पाय कोण घालणार, त्याचा विचार करतेय. कुंदाला कढत पाण्याची भीती वाटते म्हणे.