राहिलेली डावी बाजू

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा केस कापणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहवून घेत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्याची ज्यांची ऐपत होती ते माझ्याआधीच गेले. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांच्या टकलाबद्दल मी वीस वर्षे मौन पाळले, तेव्हा एवढे त्यांनी करायलाच हवे होते.

१. तळमजल्यावरचे दोन खुर्च्यांचे दुकान, कात्र्या व आरशांसह, माझ्या मुलीला. ती सव्वीस वर्षे माझ्याबरोबर तिथे उभी आहे आणि माझ्यापेक्षा बरे कापते. हे मी तिला तोंडावर कधी सांगितले नाही. आता वाचून घ्यावे.

२. माझा हातआरसा नणंदेला. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणात ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "वहिनी, ताटात केस आलाय. धंदा दुकानात ठेवून येत जा." तो केस तिचाच होता, मला धंद्यामुळे ओळखता येतो. त्यानंतर चाळीस वर्षे मी तिचे मागचे केस अर्धा बोट तिरके कापले. आता आरसा धरून पाहावे.

३. वरचे राहते घर मुलगा आणि मुलगी यांना समाईक. वाटणी करू नये. कारण सांगणे भाग आहे.

माझ्या नवऱ्याच्या वाढदिवसाला आमचे सगळे घराणे जमते, आणि जेवणाआधी प्रत्येकाने दुकानात येऊन केस कापून घ्यायचे, हा माझा नियम. नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षी मुलगा माझ्या खुर्चीत होता. उजवी बाजू कापून झाली होती. तो म्हणाला, "आई, हे सगळं विकून टाक आणि चल माझ्याकडे."

दुसऱ्या खुर्चीमागून मुलगी म्हणाली, "दादा, आई काय सामान आहे उचलून न्यायला?"

"तू बोलूच नकोस. तुला आयतं घर मिळालंय."

पुढचे शब्द कायदेशीर कागदात शोभणार नाहीत. मुलगा गळ्याभोवतीच्या कापडासकट उठला आणि डावी बाजू तशीच घेऊन निघून गेला. सात वर्षे फिरकला नाही. कापडही परत पाठवले नाही. मीही फोन केला नाही. हट्ट त्याला माझ्याकडून आधीच मिळालेला आहे, त्याची वेगळी तरतूद नको.

गेल्या वर्षी ऐन वाढदिवसाला तो दारात उभा राहिला. सरळ खुर्चीत बसला आणि म्हणाला, "आई, डावी बाजू राहिली होती." मी कात्री उचलली, पण माझा हात आता इतका थरथरतो की त्याचा कानच गेला असता. मुलीने कात्री माझ्याकडून काढून घेतली. सात वर्षांत ती भावाशी पहिल्यांदा बोलली.

"मान खाली."

त्याने घातली. नंतर बराच वेळ वर केली नाही. मी आपली कोरडा टॉवेल झटकत राहिले.

म्हणून घर समाईक. जो विकायची गोष्ट काढील, त्याने केस बाहेर कापून घ्यावेत.

४. लहान मुलांना बसवण्यासाठी खुर्चीच्या हातांवर आडवी टाकायची फळी माझ्या पणतीला, वय चार. मुलगा गेल्या वर्षी त्या दिवशी आपल्या या नातीला बरोबर घेऊन आला होता. मी तिला पहिल्यांदाच पाहिले. तिच्या आजोबांपासून सगळे त्या फळीवर बसून किंचाळले आहेत. ही किंचाळली नाही. मला नीट न्याहाळून म्हणाली, "पणजी, तू कधी मरणार?"

सगळ्यांनी तिच्यावर डोळे वटारले. मी म्हटले, "आधी तुझे केस होऊ देत."

तिने थोडा विचार केला. "मग सावकाश कापायला सांग."

वरील मजकूर मी स्वतः सांगितला, वाचून घेतला, आणि त्यातले काहीही मागे घेत नाही.

सही: (खुर्चीवाली आजी)

साक्षीदार:
१. समोरचा चष्मेवाला (सही)
२. शेजारची शिंपीण (सही)

स्थळ: माझे दुकान
तारीख: ११ मार्च, सोमवार, दुकानाची सुट्टी