येते हं, मीठ

९ जानेवारी २०११

फार वर्षांपूर्वी माझी आत्या मला म्हणाली होती, "निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, पण मयताच्या जागेवरून निघताना तेही म्हणू नये, गप पाठ फिरवावी." मी तेव्हा परकर-पोलक्यात होते. का, ते विचारायचं राहून गेलं.

आज ते आठवायचं कारण अगदी गमतीचं. कराडचं घर सोडताना कोमल दिसेल त्या वस्तूला "येते हं" म्हणत होती. नळाला, खिडकीच्या गजांना, जिन्यातल्या मांजराला. टेम्पोवाला ताटकळला. अविनाश म्हणाला, हिला इथेच ठेवून जाऊ, हिचे निरोप काही संपायचे नाहीत. मी हसत उभी होते. कोमल मला उशिरा झाली, डॉक्टरांनी आशा सोडल्यावर. तिने वेळ लावला की मला बरंच वाटतं.

पनवेलचं घर आवडलं. खाडीच्या बाजूला, तळमजल्यावरच्या दोन मोठ्या खोल्या. अविनाशची नवी नोकरी तळोज्याच्या एका कारखान्यात आहे, कंपनीची बस कोपऱ्यावरच येते. वर मालकीणबाई राहतात, गुणाबाई. नाकात मोठी नथनी, आवाज खणखणीत. आम्ही उतरतो न उतरतो तोच त्यांनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी पाठवली आणि मागोमाग स्वतः आल्या. सगळं पुस्तकांचं सामान बघून विचारलं, "बाय, भांडी मागल्या टेम्पोत हायत काय?"

मागे अंगण आहे, पण झाड एकही नाही. पांढुरकी, कडक जमीन, तिच्यापुढे तिवरांची झुडपं आणि मग खाडी. हे सगळं पूर्वी त्यांचं मिठागर होतं. भराव टाकून घर बांधलं, पण मीठ काही गेलं नाही, असं त्या म्हणाल्या. कोमलने विचारलं, माती पांढरी का? गुणाबाई म्हणाल्या, "चाटून बघ." कार्टीने खरंच चाटली. सगळे हसलो.

१६ जानेवारी

घरात दोन नवी माणसं आली. अविनाशच्या खात्यातल्या निकेशकडे हॅमस्टरना, म्हणजे त्या इवल्या पाळीव उंदरांना, पिल्लं झाली होती, त्यातली दोन त्याने कोमलसाठी दिली. ठेंगणी जात आहे. पूर्ण वाढली तरी मुठीत मावतील, आत्ता तर सुपारीपेक्षा थोडी मोठी. दोघी बहिणी. एक पांढरी, एक करडी, पाठीवर काळी रेघ. कोमलने बघताक्षणी नावं ठेवली, मीठ आणि मिरी.

निकेशने सगळं समजावून सांगितलं. खाली रद्दी घालायची नाही, लाकडाचा भुसा घालायचा. पाण्याने अंघोळ घालायची नाही, वाटीत बारीक वाळू ठेवली की त्या आपल्या आपण लोळतात. सूर्यफुलाच्या बिया थोड्याच, नाहीतर त्या तेवढ्याच खातात. गार वारा लागू द्यायचा नाही. आणि जोडी मोडायची नाही. एकत्र वाढलेल्या आहेत, एकीला एकटं राहता यायचं नाही.

मी हे सगळं टिपून घेताना कोमलही वाकून ऐकत होती. नंतर तिने मिरीला तेच पुन्हा समजावून सांगितलं.

गुणाबाई पिंजरा बघायला आल्या. कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आमी उंदरांना मारायला पिंजरा आनतो, तुमी पाळायला आनला!" पण जाताना चिमूटभर तांदूळ घालून गेल्या.

२२ जानेवारी

दिवस कसे छान चाललेत. सकाळी कोमल शाळेत गेली की मी पिंजऱ्यासमोर चहा घेऊन बसते. मीठ धीट आहे. तळहातावर येते, मिशा हलवत माझ्या बोटांचा वास घेते. तिच्या गालांना आतून पिशव्या आहेत. बी दिली की खात नाही, गालात कोंबते. दुसरी दिली की तीही. डोक्यापेक्षा गाल मोठे होतात. मग कोपऱ्यात जाऊन भुशाखाली सगळं काढून ठेवते. एवढ्याशा जिवाला उद्याची काळजी. मिरी भित्री आहे, ती बहिणीच्या अंगाखाली शिरून झोपते.

कोमलही आता जेवताना गाल फुगवून घास ठेवते आणि मला हसवते.

भिंतीला लोणा आहे. झाडलं तरी परत पांढरी भुकटी फुलते. पिंजरा त्या भिंतीपासून दूर ठेवला आहे.

२८ जानेवारी

मीठ गेली.

कालपासून थंडी फार होती, आणि कोणाकडून तरी खिडकी उघडी राहिली. सकाळी ती भुशावर कडक होऊन पडली होती, पाय पोटाशी घेतलेले. मिरी तिच्या अंगाला टेकून बसली होती. मी हातात घेऊन चोळलं, फुंकर घातली. काही नाही.

कोमलने शाळा बुडवली. अविनाश कामावर होता, म्हणून आम्ही दोघींनीच मागच्या अंगणात उलथन्याने खड्डा केला. माती खणताना मिठाचे खडे चमकत होते. काडेपेटीच्या मोठ्या खोक्यात रुमाल घालून तिला ठेवलं, माती लोटली. कोमल रडत नव्हती. नीट हात जोडले. मग वळताना, अगदी सवयीने, म्हणाली, "येते हं, मीठ."

तेव्हा मला काही वाटलंही नाही. पाय धुताना आत्या आठवली.

वरून गुणाबाईंनी पाहिलं होतं. खाली आल्या त्या रागानेच. इथे काही पुरायचं नसतं, असं म्हणाल्या. त्यांच्याकडे मिठागरात कुत्रं मेलं तरी दूर नेऊन टाकतात. "मिठातलं मिठातच ऱ्हातं, बाय. कुजत नाय. जात नाय." मग त्यांनी विचारलं, निघताना कोणी काही बोललं का. मी नाही म्हणाले. का कोण जाणे, खोटं बोलले.

१ फेब्रुवारी

मिरी खात नाही. मीठ बिया लपवायची त्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसते. कोमल तिच्याशी बोलते, पिंजऱ्यातल्या खेळायच्या चाकाला बोटाने गती देते.

माझंही लक्ष लागत नाही. अंगणाचं दार मी लावून ठेवते आणि ते उघडं सापडतं. कोमल म्हणते, तिने उघडलं नाही.

३ फेब्रुवारी

दुपारी कपडे वाळत घालायला मागे गेले तर खड्डा उकरलेला. खोकं वर पडलेलं, रिकामं. मांजर असेल असं म्हणून आत आले.

पिंजऱ्यात दोघी होत्या.

मीठ चाकाजवळ बसली होती. पिंजऱ्याचं दार बंद होतं. कोमल शाळेतून आली, तिने पाहिलं, आणि आनंदाने ओरडायच्या ऐवजी फक्त म्हणाली, "बघ, आली."

अविनाश हसला. थंडीत ही जात गुंगी आल्यासारखी पडते म्हणे, मेलीच वाटते, निकेशने त्याला सांगितलं. तुम्ही जिवंत पुरलीत, ऊन लागल्यावर उठून आली असेल. बंद दारातून कशी आली, यावर तो म्हणाला, कोमलने आणून ठेवली असेल.

मला हे पटवून घ्यायचं आहे. खरंच.

६ फेब्रुवारी

मीठला हातात घेतलं. गार आहे. केस कडक, वाळलेल्या मासळीसारखे. मिशा हलत नाहीत. ती खात नाही, पाण्याला तोंड लावत नाही, पण तिचे गाल भरलेले आहेत.

मिरी काल रात्रभर पिंजऱ्याच्या गजांना धडका देत होती. आज सकाळी ती मेलेली सापडली. अंगावर जखम नाही. अविनाशला मी हातापाया पडून सांगितलं, इथे पुरू नको. तो तिला दूर नदीकडे घेऊन गेला. कोमलला मी खोलीत कोंडून ठेवलं, तिच्या तोंडून शब्द निघू नये म्हणून. ती दारामागून विचारत होती, आता मीठचं कसं होणार, तिला एकटं राहता येत नाही.

९ फेब्रुवारी

मीठने घरटं केलं आहे. भुशाचं नाही. केसांचं. लांब, काळे, कोमलचे. मी तिची वेणी पाहिली, मानेपाशी केस कुरतडल्यासारखे तुटलेत.

घरट्यात एक दात होता. कोमलचा परवा पडलेला दुधाचा दात, जो मी स्वतः कपाटात ठेवला होता.

मी पिंजरा उचलून तिवरांमध्ये टाकून आले. पाठ फिरवली, तोंड घट्ट मिटून.

घरी आले. पिंजरा जागेवर होता.

१२ फेब्रुवारी

कोमल दुपारची भिंतीशी उभी होती. मी हाक मारली. वळली तेव्हा ओठ पांढरे होते. ती लोणा चाटत होती. कधीपासून, असं विचारलं. म्हणाली, भूक लागते.

ती फार झोपते. पाय पोटाशी घेऊन. हात गार. पनवेलच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, अंगात मीठ फार वाढलंय म्हणाले, पाणी पाजा. पाजते. ती पीत नाही, तोंडात धरून ठेवते.

झोपेत ती कोणाला तरी ओ देते.

१३ फेब्रुवारी

गुणाबाईंकडे गेले. खरं सांगितलं. कोमल "येते" म्हणाली, आणि मी तेव्हा नाही म्हणाले होते.

त्यांनी धाकट्या बहिणीचं सांगितलं, रंभाचं. लहानपणी त्या दोघींनी कुत्र्याचं पिल्लू मिठागरात पुरलं होतं. रंभा पण असंच बोलली. पुढचं त्यांना सांगवेना. एवढंच म्हणाल्या की शेवटी रंभाच्या अंगावर पाणी ओतलं तरी अंग ओलं होत नव्हतं.

उपाय काय, विचारलं. शब्द परत घेता येतो का. "ज्याला दिला त्यानं सोडला तर. पन कोन सोडतं, बाय?" त्यांनी माझा हात धरला आणि त्या रडल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झालेला ऐकला.

१५ फेब्रुवारी

पळून जायचं ठरवलं. अविनाशला काही न सांगता कोमलला रिक्षात घातलं. घराकडे बघू नको, बोलू नको, म्हटलं. ती मान हलवत राहिली. एस.टी. स्टँडवर कराडची गाडी लागलेली. तिला विचारलं, बरं वाटतंय का. बोलेना. गाल फुगलेले. मला वाटलं गंमत करतेय, पूर्वीसारखी. म्हटलं, राणी, पुरे.

तोंड उघडेना. मी बोट घातलं —

मीठ. खडेच्या खडे. सूर्यफुलाच्या बिया. तिचेच केस, ओले नाहीत, कोरडे. मी काढत राहिले. लोक जमले. कोणीतरी म्हणालं, पोरीला फिट आलीय. गाल रिकामे होईनात. एवढ्याशा तोंडात एवढं कुठून —

तिने माझा हात बाजूला केला, हळूच. आणि म्हणाली, आई, घरी जाऊ. ती वाट बघतेय.

१६ फेब्रुवारी

अविनाश रजा घेऊन बसला आहे. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ उद्याची मिळाली. तो कोमलच्या उशाशी आहे. आता हसत नाही. तिच्या कपाळावर ओली घडी ठेवतो. पाणी ओघळून जातं. कपाळ कोरडंच.

त्याने ते पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

१६ फेब्रुवारी, दुपार

पिंजरा रिकामा. मीठ परत खड्ड्यात गेली आहे. खोक्यात पाय पोटाशी घेऊन पडली आहे. खड्डा मोठा झाला आहे. कोणी खणला, ते मी बघितलं नाही. कोमल पाय पोटाशी घेऊन झोपली तर मावेल एवढा —

मी काठावर बसून लिहिते आहे. इथे तोंडातून शब्द काढायचा नसतो. म्हणून आधी लिहून बघते, मग बोलेन. चुकायला नको.

मीठ, ऐक. मी तुला तळहातावर घेतलं. बिया दिल्या. मी पण म्हणते. येते. मी येते. तिचा शब्द सोड, माझा घे. मी लहान होऊन निजेन. तुझ्याजवळ, तुझ्या गारठ्यात. हवं तेवढं. तिला शाळेत जाऊ दे.

तू नाही म्हणशील. माहीत आहे. तुला जोडी हवी, आई नको. तुझे डोळे उघडे आहेत आणि तू माझ्याकडे बघतसुद्धा नाहीस, माझ्या मागे बघतेस, दाराकडे —

तरी मागते. एवढं एकच. सोड तिला. मी —

अविनाश आतून ओरडतो आहे. अंगणाचं दार उघडलं. अनवाणी पावलं. मी मागे बघणार नाही. कोमल, बोलू नको. बाळा, काही बोलू नको, तोंड मिट, नुसतं मिट —

ती म्हणतेय, ये—