बाळ्याची खरी तारीख

शनिवार, ५ जुलै २०२५
बाळ्याला पोचवून आलो. माजिवड्याहून कोपरी, रिक्षात, मांडीवर प्लास्टिकचा डबा, डब्यात उशीच्या अभ्र्यात बांधलेला बाळ्या. चार फुटी बॉल पायथन, माझा पाळीव साप. रिक्षावाल्याला सांगितलं, केक आहे.

ज्यांच्याकडे ठेवला ते धाकूकाका पूर्वी खाडीत मासेमारी करायचे. आसपास कुठे साप निघाला की अजूनही त्यांनाच बोलावतात. गाठ घालून दिली ती प्राण्यांच्या डॉक्टर अमृताने. "तुझ्याकडे राहिला तर जाईल हा," एवढंच म्हणाली होती.

अभ्रा सोडला तशी त्याने काकांच्या मनगटावर झडप घातली. रक्त आलं. काकांनी हात हलवला नाही, तो सोडेपर्यंत थांबले. "चिडला नाय. भ्यालाय," म्हणाले.

पाठीचं हाड वर आलंय. जुन्या कातीचे तुकडे अंगाला चिकटलेत, एका डोळ्यावरही.

शेवटचं कधी खाल्लं, काकांनी विचारलं. मी म्हणालो, दोन महिने झाले. अमृतालाही तेच सांगितलेलं.

पाच झालेत.

रविवार, ६ जुलै
साप आणला तेव्हा आई आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती. मग तिनेच नाव ठेवलं. त्याची काचेची पेटीही तिच्याच खोलीत ठेवून घेतली, तिथे दुपारी ऊन येतं म्हणून.

फेब्रुवारीत ती गेली आणि मी त्या खोलीत जाणं टाळलं. दार अर्धवट उघडून पाणी तेवढं ठेवायचो. पेटीखालचं हीटिंग पॅड कधी बंद पडलं कळलंच नाही.

खोटं. कळलेलं.

गुरुवार, १० जुलै
कामावरून सुटलो की रोज कोपरी. काकांचे नियम: हात लावायचा नाही. पेटीवर चादर. आत दोन मडकी आडवी, एक उबेत, एक गार बाजूला – लपायला. पाणी बदलायचं आणि बाहेर यायचं.

आज पाणी ठेवताना फुसकारला, मग काचेवर नाक आपटलं. मी दचकून हात काढला. काका म्हणाले, हात नेताना हळू न्यायचा, आणि काढताना त्याहून हळू.

आवडाबाई, म्हणजे काकांची बायको, खोलीत पाऊल टाकत नाहीत. उंबऱ्यावरून चहा सरकवतात आणि विचारतात, "जिता हाय का?"

रविवार, १३ जुलै
डोळ्यावरची कात निघाली. ओल्या फडक्याने, काकांच्या हातून.

मंगळवार, १५ जुलै
खाल्लं! गोठवलेला उंदीर गरम पाण्यात ऊबदार करून काकांनी चिमट्याने पुढे धरला. अमृताने सांगितलेला, नेहमीच्या मापाचा. एका झडपेत घेतला. आवडाबाईंनी उंबऱ्यातून मान आत घातली.

दोन काय नि पाच काय, मला वाटलं.

गुरुवार, १७ जुलै
ओकला. सगळा उंदीर, तसाच.

अमृता येऊन बघून गेली. दोन महिने उपाशी असलेल्याला असं होऊ नये, म्हणाली. पोटात काहीतरी संसर्ग असणार, उद्यापासून इंजेक्शनं. परत ओकला तर वाचायचा नाही.

मी ओकलेला उंदीर कागदात गुंडाळून बाहेर टाकून आलो.

शुक्रवार, १८ जुलै
सांगितलं. रजा टाकून सकाळीच गेलो. अमृताने सिरिंज भरून ठेवलेली.

"दोन फेब्रुवारी," मी म्हणालो. "त्यानंतर काहीच नाही."

तारीख पक्की आहे. सकाळी त्याला खायला घातलं आणि दुपारी आईला हॉस्पिटलमध्ये नेलं.

अमृताने सिरिंज बाजूला ठेवली. पाच महिन्यांच्या उपासाने अंगातलं पाणी आटलेलं, औषधाने मूत्रपिंडं गेली असती, म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

काकांनी पेटीवरची चादर नीट केली. "आदी बोलला असतास तर एवढासा दिला असता," म्हणाले. मग म्हणाले, "जा घरी. बोलवीन तवा ये."

शनिवार, २६ जुलै
बोलावणं नाही. आईच्या खोलीतला पंखा पुसला. खिडकी उघडली.

रविवार, ३ ऑगस्ट
काकांचा फोन. "ये."

गुरुवारी उंदराचं बोटाएवढं पिल्लू दिलेलं. तीन दिवस झाले, पोटात राहिलंय.

काकांनी मला हात पेटीत ठेवायला लावला, तळवा वर, न हलवता. दहा मिनिटं. बाळ्या मडक्यातून जीभ लपलपवत बघत राहिला. आला नाही. फुसकारलाही नाही. मग हात काढला – हळू.

आवडाबाईंनी चहाबरोबर भाकरी आणि सुकटही सरकवली.

सोमवार, ११ ऑगस्ट
नारळी पुनव झाली. काका आणि आवडाबाई उरणला गेले, मेव्हण्याच्या होडीवर हात कमी पडतायत. दीड महिना तरी.

निघताना काकांनी घराची चावी माझ्या हातावर ठेवली. मी म्हणालो, अमृताकडे द्या. माझ्याकडून परत –

काकांनी पिशवी उचलली. "गुरवारी खायला घाल," म्हणाले. "काय झालं तर फोन कर. झालं तसं सांग."