शेवाळावरचा पाय

क्योतो, १२ नोव्हेंबर २०२४

ती. आक्कास, धाकट्या कीर्तीचा दंडवत. वि. वि.

सुखरूप पोचले. या कागदाचा फोटो भरतेशच्या फोनवर पाठवते आहे. त्याला मोठ्यानं वाचायला सांग, आणि आईला जपायचं म्हणून मधले शब्द गाळू नकोस म्हणावं. आपण दोघी जन्मभर कागदावरच भांडलो, आता फोनवर काय भांडायचं?

तुझ्या हट्टापायी मी इथे आले, हे आधीच लिहून ठेवते. जायचं दोघींचं ठरलं होतं. तुझ्या किडन्यांनी दगा दिला, मिरजेच्या डॉक्टरांनी हात टेकले, आणि तू म्हणालीस की तू तरी जा, बघ आणि मला लिही. सातारला एकटीनं भिंतींवर चिडण्यापेक्षा बरं, म्हणून निघाले.

बरोबर सगळी आपली जैन मंडळी आणि आचारी भाऊसो. त्यानं पहिल्याच दिवशी सांगलीच्या अंदाजानं सहाला पानं मांडली. इथे सूर्य पाचच्या आतच बुडाला होता! सूर्य बुडाल्यावर खायचं नाही, म्हणून सगळे भरल्या पानांना हात जोडून उठले. मी एकटी जेवले. सगळे असे बघत होते की मी जणू मयताच्या घरात जिलेबी मागितली. पाचगणीच्या कॉन्व्हेंटात जेवण अंधार पडल्यावर मिळायचं आणि मी उपाशी झोपायची, तेव्हा तू लिहिलं होतंस की तू जेव, पाप मी घेते. त्या परवान्यावर मी आजवर जेवते आहे.

आज सोनेरी देऊळ पाहिलं. तळ्यात त्याचं प्रतिबिंब, आणि काठावर फोटोंसाठी कोपराकोपरी. मला आवडलं ते बाजूच्या अंगणातलं पाइनचं झाड. शेकडो वर्षांचं आहे म्हणतात. फांदीफांदीखाली टेकू दिलेत. मोडू देत नाहीत, पडू देत नाहीत. भरतेशला हे दोनदा वाचायला सांग. तुझं डायलिसिस चालू आहे ना? फोनवर तो तोंडातल्या तोंडात बोलतो.

लोभ आहे, पण उत्तर लगेच हवं.
तुझी कीर्ती

सांगली, १४ नोव्हेंबर

चि. कीर्तीस आक्काचा आशीर्वाद. जय जिनेंद्र.

तुजं पत्र ऐकलं. भाऊसोचं ऐकून लय हसले, मग धाप लागली. झाडाचं भरतेशनं दोनदा वाचलं. त्या झाडाला कुणी इचारलं का, बाई?

डायलिसिस मी बंद केलंय. भरतेशवर चिडू नको, मीच त्याला सांगू दिलं न्हाई. मला सल्लेखना घ्यायची हाय. अन्न हळूहळू सोडायचं आन् शांतपणे जायचं. दीक्षा घेतलेल्या माताजी येऊन बसतात. त्या म्हणाल्या, जवळच्या मानसांची मनापासून परवानगी पायजे, कुणाला दुखवून व्रत घ्यायचं नसतं. भरतेशनं रडत हो म्हटलं. आता तू ऱ्हायलीस. तुज्या होकाराबिगर मी बसनार न्हाई.

तू हितं असतीस तर दारात आडवी पडली असतीस. लांबनं इचार करशील म्हणून तुला धाडली. त्याची क्षमा कर. आई गेल्यावर तुला मारलं, तुज्या वेण्या ओढून घातल्या, त्याचीबी कर.

आक्का

क्योतो, १५ नोव्हेंबर

ती. आक्कास,

तीर्थस्वरूप सवयीनं लिहिलं, मनातून नव्हे. मला देवळं दाखवायच्या निमित्तानं तू घरातून बाहेर काढलंस! आणि वर क्षमा मागतेस, म्हणजे मी चिडायचीही सोय नाही. माझं उत्तर नाही असं आहे. माताजींना सांग, भरतेशला सांग, गल्लीत सांग. माझ्यापाठी कोण आहे गं? मला दटावायला जगात दुसरं कुणी उरलेलं नाही, हे तुझ्या व्रतात बसतं का?

तुझं पत्र शेवाळाच्या बागेत वाचलं. अख्खी बाग शेवाळाची, झाडांच्या मुळांवरून, दगडांवरून हिरवी साय धरल्यासारखी. तिच्यावर कुणी पाय देत नाही, अरुंद वाटेवरूनच चालायचं. मी फोन मुठीत आवळला आणि तरातरा निघाले, कुठे ते कळलं नाही. थांबले तेव्हा शेवाळाच्या मधोमध उभी होते. मागे माझ्या बुटांचे खड्डे. बागेची राखण करणारा म्हातारा आला. ओरडला असता तर परवडलं असतं, मी उलट ओरडले असते. तो कमरेत वाकला, मला हातानं वाट दाखवली आणि गुडघ्यांवर बसून दबलेलं शेवाळ बोटांनी वर उचलू लागला. मी बघत उभी राहिले. माझी मान काही केल्या वर होईना.

तरी माझं उत्तर नाहीच.
कीर्ती

सांगली, १६ नोव्हेंबर

चि. कीर्तीस आशीर्वाद.

आज रूपालीकडून लिहून घेते, हातात पेन ठरत न्हाई. भरतेशची थोरली हाय ती, वळणदार लिहिते.

शेवाळावर पाय न देणारी मानसं जगात हायत, हे ऐकून लय बरं वाटलं. आपल्या विहिरीच्या पायऱ्यांवर तुला कडेकडेनं चालवायची मी, आठवतं? त्यात जीव असतो म्हणायची. तू म्हणायचीस, मला न्हाई दिसत. आता दिसला व्हय? मग क्षमा माग. म्हाताऱ्याची न्हवं, शेवाळाची.

माझं आईक. पायावर सूज चढली हाय. खाल्लेलं पोटात ठरत न्हाई. भरतेश चमच्यानं पेज घालतो, मी त्याच्यासाठी गिळते, मग उलटते, मग तो भिंतीकडं तोंड करून बसतो. तू न्हाई म्हण, मी गिळत ऱ्हाईन. जायचं तर हायेच, किर्ते. फक्त टेकूवर जाईन.

आक्का

क्योतो, १७ नोव्हेंबर

ती. आक्कास, कीर्तीचा साष्टांग नमस्कार.

आज मंडळी नारा गावचा मोठा बुद्ध बघायला गेली. मी गेले नाही. पुन्हा शेवाळाच्या बागेत गेले. माझ्या पावलांची जागा अजून ओळखू येते, जरा फिकी आहे. वाटेवर उभी राहून मी त्या जागेची मराठीतून क्षमा मागितली. शेजारच्या बाईनं आपल्या मुलीला जवळ ओढून घेतलं. ओढू दे.

तिथून सोनेरी देवळाकडे गेले आणि पाइनसमोर खूप वेळ बसले. त्या झाडाला मी विचारलं. उत्तर आलं नाही. म्हातारी झाडंसुद्धा तुझ्यासारखीच, बोलतात तेव्हा ऐकू येत नाही आणि मग उशीर होतो.

परतीचं विमान ठरल्यापेक्षा आधीचं मिळालं. मंगळवारी सांगलीत पोचते. तोवर माझ्यासाठी डोळे उघडे ठेव, पण माझ्यासाठी गिळू नकोस. भरतेशला सांग, चमचा खाली ठेव म्हणावं. माताजींना सांग, धाकटीनं हो म्हटलं आहे. मनापासून म्हटलं का, ते विचारू नका. मन आलंय, जरा मागून चालत येतंय.

मला हे अजून पटलेलं नाही. तू बरोबर आहेस असं मी म्हणणार नाही, तू गेल्यावरही नाही. पण उपाशी पोरीला तू जेव म्हणाली होतीस, तेव्हा तुला तरी कुठे पटलं होतं?

तू सोड जेवण, आक्का. पाप मी घेते.

तुझी
कीर्ती